यकृताच्या कॅन्सर पेशींत ईझेडएच२चे जोडीदार कसे शोधायचे: पहिल्यांदा को-आयपी करणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या पहिल्या काही महिन्यांत अनेकांच्या वाट्याला हे काम येतं: "आपलं एन्झाइम यकृताच्या कॅन्सर पेशींत कुणाकुणाला धरून असतं ते बघ." त्यासाठीची नेहमीची पद्धत म्हणजे को-आयपी (को-इम्युनोप्रेसिपिटेशन): पेशी फोडून मिळालेल्या द्रवातून, म्हणजे लायसेटमधून, अँटिबॉडीने एक प्रथिन ओढायचं (ही आयपी) आणि सोबत कोण आलं ते वेस्टर्न ब्लॉटवर बघायचं. हातात एक अँटिबॉडी येते आणि सीनियरच्या वहीतला प्रोटोकॉल येतो. त्यात बफरची मापं असतात, पण ती तशी का आहेत ते लिहिलेलं नसतं. मी हे काम हेप-जी२ या यकृताच्या कॅन्सर पेशींत ईझेडएच२ या एन्झाइमवर केलं आहे. तुमच्याकडे एचडॅक१, एलएसडी१ किंवा डीएनएमटी१ असं दुसरं एपिजेनेटिक एन्झाइम, म्हणजे जनुकांचा क्रम न बदलता त्यांची चालू-बंद स्थिती ठरवणारं, असलं तरी वाट बरीचशी हीच आहे.

ईझेडएच२ हिस्टोन एच३च्या, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांपैकी एकाच्या, २७व्या लायसिनवर मिथाइल गट चढवतं आणि त्या भागातली जनुकं शांत होतात. एकटं असताना ते जवळपास निकामी असतं. सुझ१२ आणि ईईडी सोबत असले तरच ते चालतं. या तिघांना आणि त्यांच्यासोबतच्या आरबीबीपी४ किंवा आरबीबीपी७ला मिळून पीआरसी२ म्हणतात. निरोगी प्रौढ यकृतात ईझेडएच२ फार कमी सापडतं, यकृताच्या कॅन्सरमध्ये मात्र वाढलेलं दिसतं. त्याला रोखणारं टॅझेमेटोस्टॅट हे औषध अमेरिकेत जानेवारी २०२०मध्ये एका दुर्मीळ सार्कोमासाठी मंजूर झालं. हे औषध मिथाइल चढवण्याची क्रिया थांबवतं, पण कॉम्प्लेक्स मोडत नाही. एन्झाइमची क्रिया बंद झाली तरी ते कुणासोबत बसलं आहे हा प्रश्न उरतोच, आणि आपलं काम त्या प्रश्नाचं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. ब्लॉटवर बँड आला एवढ्यावरून दोन प्रथिनं एकमेकांना धरून आहेत असं म्हणता येत नाही. एपिजेनेटिक एन्झाइमांच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण ही सगळी मंडळी एकाच डीएनएवर बसलेली असतात. डीएनएचा तुकडा ओढला की त्यावरचे सगळे सोबत येतात. खालच्या पायऱ्यांमधला निम्मा खटाटोप याच एका कारणासाठी आहे.

## १. आधी माहीत असलेला जोडीदार, मग नवा

बायोग्रिड, इंटॅक्ट आणि स्ट्रिंग हे तीन डेटाबेस उघडा आणि आपल्या एन्झाइमचं नाव टाका. स्ट्रिंगमध्ये जपून राहा. तिथल्या रेषा एकाच पेपरात दोन्ही नावं आली किंवा दोन्ही जनुकं एकत्र वर-खाली झाली म्हणूनही काढलेल्या असतात. प्रयोगाच्या पुराव्याचा पर्याय सोडून बाकीचे बंद केले की चित्र बरंच उघडं होतं.

आता दोन नावं वहीत लिहा. पहिलं, जे यायलाच हवं: ईझेडएच२साठी सुझ१२, एलएसडी१साठी कोरेस्ट, डीएनएमटी१साठी यूएचआरएफ१. दुसरं, ज्याच्यासाठी तुम्ही हे सगळं करताय ते. पहिलं दिसल्याशिवाय दुसऱ्याचा ब्लॉट टाकायचा नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या. सुझ१२ आलं नाही तर लायसिस किंवा अँटिबॉडीत गडबड आहे. अशा लायसेटमध्ये नवा जोडीदार "दिसला" तरी त्याला काही अर्थ नाही.

पक्के जोडीदार आणि पाहुणे यांतला फरकही इथेच समजून घ्या. ईईडी आणि हिस्टोन डीअसिटिलेज यांचा संबंध १९९९मध्ये दाखवला गेला होता. २००२मध्ये ईझेडएच२चं कॉम्प्लेक्स शुद्ध केलं गेलं तेव्हा त्याच्या गाभ्यात डीअसिटिलेज नव्हतं. दोन्ही निरीक्षणं आपापल्या जागी राहू शकतात: काही प्रथिनं कॉम्प्लेक्सचा भाग असतात, काही थोडा वेळ येऊन जातात. तुमचा नवा जोडीदार दुसऱ्या प्रकारातला असेल तर धुलाई किती कडक करायची, वेळ किती द्यायचा, सगळंच बदलतं.

## २. पेशी नेमक्या कोणत्या आहेत ते तपासा

"यकृताच्या कॅन्सर पेशी" या एका नावाखाली फार वेगवेगळ्या पेशी येतात.

हेप-जी२ अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या मुलाच्या गाठीतून आल्या. वर्षानुवर्षं त्यांना हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा म्हटलं गेलं. २००९मध्ये मूळ गाठीची पुन्हा तपासणी झाली आणि ती हेपॅटोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांत होणारा यकृताचा कॅन्सर, असल्याचं पुढे आलं. यांच्यात पी५३ हे गाठ रोखणारं प्रथिन शाबूत आहे. हू-७ या ५७ वर्षांच्या जपानी माणसाच्या गाठीतून १९८२मध्ये आल्या आणि त्यांचा पी५३ बदललेला आहे. हेप-३बीमध्ये पी५३ नाहीच, शिवाय हेपॅटायटिस बीचा डीएनए त्यांच्या जीनोममध्ये शिरलेला आहे. तुमचा नवा जोडीदार पी५३शी जोडलेला असेल तर या तिन्हींत तीन उत्तरं येऊ शकतात, आणि तिन्ही खरी असू शकतात. म्हणून निदान दोन पेशीवंश घ्या, आणि त्यांतला एक हेप-जी२ सोडून असू द्या.

इथला सापळा मोठा आहे. जुन्या पेपरांत "सामान्य यकृत पेशी" म्हणून एल-०२ वापरलेल्या दिसतील, आणि यकृताच्या कॅन्सरच्या म्हणून एसएमएमसी-७७२१ व बीईएल-७४०२. या तिन्ही प्रत्यक्षात हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी, निघाल्या आहेत. अशा पेशींवर तुलना उभी केली तर सगळं काम कोसळतं. चुकीच्या ओळखीच्या पेशींची आंतरराष्ट्रीय यादी इक्लॅक ही समिती राखते. पेशी मागवण्याआधी ती पाहा.

"सामान्य" तुलनेबद्दल आणखी एक. ईझेडएच२ हे विभागणाऱ्या पेशींचं प्रथिन आहे. न विभागणाऱ्या यकृत पेशींत त्याची जागा बरीचशी ईझेडएच१ घेतं, आणि तेही सुझ१२-ईईडीसोबतच बसतं. त्यामुळे प्राथमिक हेपॅटोसाइट आणि हेप-जी२ यांच्यात दिसणारा फरक कॅन्सरचा आहे की नुसत्या विभागणीचा, हे एका आयपीवरून कळत नाही. तुमची अँटिबॉडी ईझेडएच१लाही धरते का, हेही विचारून घ्या.

## ३. कागदपत्रं आणि सामान

पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये, देशाचं पेशी-भांडार आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक लॅब तिथूनच पेशी घेतात. कुठूनही मागवल्या तरी साधारण हे कागद जवळ ठेवा:

- गाईड आणि विभागप्रमुखांच्या सहीचं मागणीपत्र
- पेशी फक्त संशोधनासाठी वापरू आणि तिसऱ्या कुणाला देणार नाही अशी हमी
- संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची, म्हणजे आयबीएससीची, मंजुरी. प्लाझमिड घालणार असाल, टॅग लावणार असाल किंवा लेंटीव्हायरस वापरणार असाल तर ती आधीच घ्या
- हेप-३बी वापरणार असाल तर हेपॅटायटिस बीच्या लसीकरणाची नोंद. या पेशी बायोसेफ्टी लेव्हल २मध्येच हाताळायच्या
- एसटीआर तपासणीचा, म्हणजे पेशींच्या डीएनए-ओळखीचा, अहवाल. तो पेशींसोबत आला नसेल तर स्वतः करून घ्या

शेजारच्या लॅबमधून "एक व्हायल" आणणं सोपं असतं, पण तिच्यासोबत हा अहवाल येत नाही आणि मायकोप्लाझ्मा, म्हणजे पेशींना लागणारा बारीक जिवाणू, मात्र येऊ शकतो. पेशी आल्या की मायकोप्लाझ्माची पीसीआर करा आणि ती निगेटिव्ह आल्यावरच स्टॉक गोठवा.

सामान असं: ईझेडएच२ची आयपीला चालणारी अँटिबॉडी, त्याच प्रजातीची साधी आयजीजी (ईझेडएच२ला न धरणारी कंट्रोल अँटिबॉडी), प्रोटीन ए किंवा जी लावलेल्या मॅग्नेटिक बीड्स, मॅग्नेटिक स्टँड, प्रोटिएज इनहिबिटर, फॉस्फेटेज इनहिबिटर, बेंझोनेज (डीएनए आणि आरएनए कापणारं एन्झाइम), सेल स्क्रेपर, थंड सेंट्रिफ्यूज आणि कोल्ड रूममध्ये फिरणारा रोटेटर. ब्लॉटला चालणारी अँटिबॉडी आयपीला चालेलच असं नाही. ब्लॉटवर प्रथिन उलगडलेलं असतं, आयपीत घडी घातलेलं. अँटिबॉडीचं बोट ठेवायचं ठिकाणच जोडीदाराच्या खाली झाकलं गेलं असेल तर ईझेडएच२ येईल, पण जोडीदाराशिवाय. म्हणून शक्य असेल तर प्रथिनाच्या वेगवेगळ्या भागांवरच्या दोन अँटिबॉडी जवळ ठेवा.

## ४. पेशी वाढवणं आणि गोळा करणं

हेप-जी२ चिकटून चिकटून बेटं करून वाढतात आणि एकमेकींवर चढतात. बेटाच्या मधल्या पेशींना पोषण कमी मिळतं, त्या विभागायच्या थांबतात, आणि त्यासोबत ईझेडएच२ही उतरतं. म्हणून प्लेट गच्च भरायची वाट पाहू नका. ७० ते ८० टक्के भरली की गोळा करा, आणि प्रत्येक वेळी तेवढीच भरलेली असताना करा. एकदा ५० टक्क्यांना आणि एकदा पूर्ण भरल्यावर घेतलेल्या लायसेटची तुलना करण्यात काही हशील नाही.

पासेज करताना, म्हणजे नव्या प्लेटमध्ये हलवताना, पेशी नीट सुट्या करा, नाहीतर पुढच्या प्लेटमध्ये गाठी जशाच्या तशा जातात. एका आयपीला ५०० मायक्रोग्रॅम ते १ मिलिग्रॅम केंद्रकातलं प्रथिन हाताशी ठेवा. त्यासाठी १० सेंटिमीटरच्या अनेक प्लेट लागतात, तेव्हा पेशी त्या हिशेबाने आधीच लावा.

गोळा करताना मीडिया काढा आणि बर्फासारख्या थंड पीबीएसने दोनदा धुवा. हे धुणं यकृताच्या पेशींत विशेष महत्त्वाचं आहे. मीडियातल्या सीरममध्ये अल्ब्युमिन असतं, आणि हेप-जी२ स्वतःही अल्ब्युमिन बाहेर सोडतात. ते राहिलं तर ६६ किलोडाल्टनला जाड पट्टा येतो आणि प्रथिनाचं मोजमापही फसतं. मग स्क्रेपरने खरवडून घ्या. ट्रिप्सिन नको, कारण त्याचा अंश राहिला तर लायसिसनंतर तो तुमच्याच प्रथिनांवर चालतो.

## ५. केंद्रक वेगळं काढा

बरेच जण इथे आरआयपीए बफर घेतात, कारण तो लॅबमध्ये तयार असतो. त्यात एसडीएस आणि डीऑक्सिकोलेट ही कडक डिटर्जंट असतात. प्रथिनं छान सुटतात, पण नाजूक जोड्याही सुटतात. को-आयपीसाठी तो टाळाच.

पहिल्यांदा हलका, कमी मिठाचा बफर: १० मिलिमोलर हेपेस पीएच ७.९, १० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १.५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, आणि ऐनवेळी घातलेले डीटीटी व इनहिबिटर. पेशी यात बर्फावर १० ते १५ मिनिटं फुगू द्या. मग थोडं एनपी-४० हे हलकं डिटर्जंट घालून हलक्या हाताने मिसळा.

केंद्रकं सुटली का, हे अंदाजाने ठरवू नका. थेंबभर घेऊन ट्रायपॅन ब्लूमध्ये मिसळा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बाहेरचं आवरण फुटलं असेल तर केंद्रकं निळी, गोल आणि सुटी दिसतात. भोवती अजून चकचकीत कडा दिसत असेल तर पेशी फुटलेली नाही, आणखी थोडा वेळ द्या. केंद्रकं एकमेकांना चिकटून गुच्छ झाले असतील तर डिटर्जंट जास्त झाला आहे. दहापैकी नऊ निळी दिसली की हळू स्पिन मारा, वरचं द्रव वेगळ्या ट्यूबमध्ये ठेवा आणि खालची केंद्रकं पुढच्या पायरीला घ्या. वरचं द्रव टाकू नका. ट्युब्युलिन तिकडे आणि हिस्टोन इकडे आहे, हे ब्लॉटवर दाखवावं लागेल.

फॉस्फेटेज इनहिबिटर सोडू नका. ईझेडएच२च्या २१व्या सेरीनवर एकेटी हे एन्झाइम फॉस्फेट बसवतं आणि त्याने एन्झाइमचं वागणं बदलतं. फॉस्फेट गळून गेलं तर तुम्ही पेशीतली नव्हे, ट्यूबमधली जोडी मोजाल.

पीएमएसएफ या प्रोटिएज इनहिबिटरबद्दल: पाण्यात ते लवकर निकामी होतं. सकाळी घालून ठेवलेला बफर दुपारी वापरू नका.

## ६. डीएनए आणि आरएनए कापा

माझ्या मते संपूर्ण प्रयोगाची लाज राखणारी पायरी हीच, आणि वहीतल्या प्रोटोकॉलमध्ये नेमकी हीच गाळलेली असते.

केंद्रकं १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, २० मिलिमोलर हेपेस, २ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ०.५ टक्के एनपी-४० आणि १० टक्के ग्लिसरॉलच्या बफरमध्ये घ्या. केंद्रकं फुटली की ट्यूबमधला माल एकतारी पाकासारखा होतो. पिपेट उचलली की टोकाला तार धरते आणि तुटत नाही. ती तार म्हणजे क्रोमॅटिन, हिस्टोनसकटचा डीएनए. आता बेंझोनेज घाला आणि ४ अंशाला तासभर फिरवा. ते काम करत असेल तर हीच ट्यूब पाण्यासारखी वाहू लागते आणि पिपेटमधून थेंब सुटे पडतात. तार अजून धरत असेल तर पुढे जाऊ नका.

बेंझोनेजच्या दोन अटी आहेत. त्याला मॅग्नेशियम लागतं, म्हणून मॅग्नेशियम पकडून ठेवणारं ईडीटीए या बफरमध्ये नको. इनहिबिटरच्या गोळ्याही ईडीटीए नसलेल्याच घ्या, वेष्टणावर ते लिहिलेलं असतं. दुसरं, जास्त मिठात ते मंदावतं. म्हणून क्रम असा: आधी कमी मिठात कापा, मग मीठ ३०० ते ४२० मिलिमोलरपर्यंत वाढवून अर्धा तास प्रथिनं सोडवा, जोरात स्पिन मारा, आणि वरचं द्रव पुन्हा १५० मिलिमोलरपर्यंत पातळ करा. थेट ४२० मिलिमोलरमध्ये बेंझोनेज टाकून ते "वापरलं" असं लिहिणारे पुष्कळ आहेत, पण तिथे ते जेमतेम चालतं.

डोळ्यांवर थांबू नका. थोडा लायसेट घेऊन त्यातला डीएनए काढा आणि अॅगरोज जेलवर लावा. खाली फक्त बारीक तुकड्यांचा धूर दिसला पाहिजे, वर पट्टा राहता कामा नये. हा जेलचा फोटो जपून ठेवा, परीक्षक तो मागतात.

बेंझोनेज आरएनएही कापतं, आणि ईझेडएच२च्या बाबतीत त्याची गरज आहे. पीआरसी२ कुठल्याही आरएनएला सहज चिकटतं, आणि मग आरएनएवर बसलेली प्रथिनं "जोडीदार" म्हणून येतात.

दुसरी पद्धत म्हणजे आयपीच्या वेळी इथिडियम ब्रोमाइड घालणं. ते डीएनएच्या जिन्यात शिरतं आणि वर बसलेली प्रथिनं सैल होतात. बेंझोनेजने जोडी टिकली आणि इथिडियमनेही टिकली तर खात्री खूप वाढते. मात्र ते डीएनएत बदल घडवणारं रसायन आहे. हातमोजे घाला, आणि बीड्स व धुण्याचं पाणी वेगळ्या कचऱ्यात टाका.

## ७. आयपी

प्रथिन मोजा आणि दोन्ही ट्यूबमध्ये सारखं घाला: एकीत ईझेडएच२ची अँटिबॉडी, दुसरीत त्याच प्रजातीची तेवढीच आयजीजी. साधारण २ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करा. नुसत्या बीड्सचा कंट्रोल पुरेसा नाही, कारण आयजीजीलाच काही प्रथिनं चिकटतात.

अँटिबॉडी घालण्याआधी २ टक्के लायसेट "इनपुट" म्हणून बाजूला काढा आणि किती काढलं ते लिहून ठेवा. सशाची अँटिबॉडी असेल तर प्रोटीन ए, उंदराची आयजीजी१ असेल तर प्रोटीन जी.

रात्रभर की दोन तास? सुझ१२सारखा पक्का जोडीदार रात्रभरही टिकतो. पाहुण्या जोडीदारासाठी अँटिबॉडी आधीच बीड्सला लावून ठेवा आणि लायसेटसोबत दोन तासच फिरवा. वेळ वाढला की खरी पण सैल जोडी सुटते आणि फालतू चिकटणारी प्रथिनं वाढतात, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

बीड्स वेगळ्या केल्यावर उरलेलं द्रवही ठेवा. त्यात ईझेडएच२ इनपुटइतकंच राहिलं असेल तर तुमच्या अँटिबॉडीने काही ओढलेलंच नाही.

धुलाई १५० मिलिमोलर मिठाच्या बफरने चार वेळा. शेवटच्या धुलाईआधी बीड्स नव्या ट्यूबमध्ये घ्या. प्लास्टिकला चिकटलेली प्रथिनं जुन्या ट्यूबमध्येच राहतात आणि आयजीजीच्या लेनमधला धूसरपणा बराच कमी होतो.

## ८. ब्लॉट, आणि ५० किलोडाल्टनचा घोळ

ईझेडएच२चं हिशेबाने वजन सुमारे ८५ किलोडाल्टन, पण जेलवर ते ९५च्या आसपास दिसतं. सुझ१२ ही थोडं वरच धावतं. दोघं एकमेकांच्या फार जवळ येतात, म्हणून एकाच पडद्यावर अँटिबॉडी उतरवून दुसरी लावण्याऐवजी दोन वेगळी जेल लावा.

अवघड आहे ते ईईडी. ते ५० किलोडाल्टनला येतं, आणि आयपीसाठी घातलेल्या अँटिबॉडीची हेवी चेनही (तिची मोठी साखळी) नेमकी तिथेच येते. एचडॅक१ ६० किलोडाल्टनच्या जवळ असल्याने तेही त्या जाड डागाच्या सावलीत येतं. आयजीजीच्या लेनमध्येही तोच डाग असतो, आणि घाईत पाहणाऱ्याला तो "थोडासा बँड" वाटतो.

उपाय तीन आहेत. सोपा म्हणजे आयपी सशाच्या अँटिबॉडीने आणि ब्लॉट उंदराच्या अँटिबॉडीने, दुय्यम अँटिबॉडीही दुसऱ्या प्रजातीच्या आयजीजीला न धरणारी. दुसरा, फक्त लाइट चेन ओळखणारी दुय्यम अँटिबॉडी. मग डाग २५ किलोडाल्टनला सरकतो. तिसरा, अँटिबॉडी रसायनाने बीड्सला कायमची जोडून टाकणं. आयपी पुन्हापुन्हा करायची असेल तर तिसऱ्यावर वेळ घालवा, तो वसूल होतो.

## ९. बँड आल्यावर स्वतःला विचारायचे प्रश्न

सुझ१२ आलं का? आयजीजीची लेन कोरी आहे का? बेंझोनेजनंतरही नवा बँड आहे का? वेगवेगळ्या दिवशी गोळा केलेल्या पेशींत तो पुन्हा येतो का?

मग उलटी आयपी करा: नव्या जोडीदाराच्या अँटिबॉडीने ओढून ईझेडएच२ बघा. ती प्रत्येक वेळी जमत नाही. जोडीदार पेशीत भरपूर असेल आणि त्याचा थोडाच भाग ईझेडएच२सोबत असेल तर उलट्या बाजूने बँड फिका येणारच. तेव्हा टक्केवारीत विचार करा, म्हणूनच इनपुटची नोंद हवी.

यानंतर नॉकडाउन. ईझेडएच२ एसआयआरएनएने (जनुकाचा निरोप मोडणाऱ्या छोट्या आरएनएने) कमी केलं की आयपीतला नवा बँडही कमी व्हायला हवा. तो तसाच राहिला तर अँटिबॉडी त्या दुसऱ्या प्रथिनालाच थेट धरते आहे. इथे एक छुपा सापळा आहे: "जोडी सुझ१२मार्फत आहे का" हे पाहायला अनेक जण सुझ१२ कमी करतात. पण सुझ१२ गेलं की ईझेडएच२ प्रथिनही अस्थिर होऊन घटतं. मग जोडी तुटली की ईझेडएच२च उरलं नाही, हे सांगता येत नाही. इनपुटमध्ये ईझेडएच२ किती उरलं ते आधी बघा.

फ्लॅग टॅग, म्हणजे ओळखीसाठीचं छोटं शेपूट, लावलेलं ईझेडएच२ भरमसाट बनवून आयपी करण्याचा मोह होतो, कारण फ्लॅगच्या अँटिबॉडी चांगल्या असतात. पण पेशीतलं सुझ१२ आणि ईईडी तेवढंच राहतं. वरचं सगळं ईझेडएच२ जोडीदाराविना, अर्धवट घडीचं फिरतं आणि कुणालाही चिकटतं. टॅग हवाच असेल तर क्रिस्परने मूळ जनुकालाच लावा. वेळ जातो, पण प्रमाण नैसर्गिक राहतं.

## १०. मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवताना

जोडीदार कोण याचा अंदाजच नसेल तर हा रस्ता. मुंबईत आयआयटीमध्ये आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, अशी यंत्रं आहेत. कुठेही नमुना देण्याआधी तिथल्या माणसाशी बोला: बीड्सवरच पचवून देतील की जेलचा तुकडा हवा, कोणता डिटर्जंट चालतो. एनपी-४० यंत्राला त्रास देतं, म्हणून शेवटच्या दोन धुलाया डिटर्जंटविना करा.

किमान तीन स्वतंत्र नमुने आणि तेवढ्याच आयजीजी द्या. यादी आली की वर केराटिन दिसेल, ते तुमच्या कातडीचं आणि केसांचं. हीट शॉक प्रथिनं, ट्युब्युलिन, रायबोसोमची प्रथिनं सगळ्यांच्याच आयपीत येतात. क्रॅपोम या डेटाबेसमध्ये प्रत्येक नाव टाकून ते इतरांच्या कंट्रोलमध्ये किती वेळा आलं आहे ते बघा. यादीत सुझ१२, ईईडी, आरबीबीपी४, जॅरिड२, एईबीपी२, एमटीएफ२ या पीआरसी२च्या ओळखीच्या प्रथिनांपैकी बरीच असतील तर आयपी चांगली झाली आहे, आणि मग अनोळखी नावांकडे वळा.

क्षणिक जोड्यांसाठी टर्बोआयडी आहे. २०१८मध्ये आलेलं हे एन्झाइम ईझेडएच२ला जोडलं की ते १० मिनिटांत आसपासच्या प्रथिनांवर बायोटिन चिकटवतं. यकृताच्या पेशींत मात्र मुळातच बायोटिन लावलेली कार्बोक्सिलेज एन्झाइमं भरपूर असतात, त्यामुळे स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या ब्लॉटवर १३० आणि ७५ किलोडाल्टनच्या आसपास ठळक पट्टे टर्बोआयडी नसतानाही येतात. ती मायटोकॉन्ड्रिया आणि सायटोप्लाझममधली असतात. आधी केंद्रक वेगळं काढलं तर त्यांतली बरीचशी मागे राहतात.

## ११. लिहिताना

को-आयपीवरून "ईझेडएच२ आणि अमुक प्रथिन हेप-जी२ पेशींत एकाच कॉम्प्लेक्समध्ये आढळतात" एवढंच लिहिता येतं. बेंझोनेजचा जेल सोबत असेल तर "डीएनए व आरएनएवर अवलंबून न राहता" हे शब्द जोडा. "थेट जुळतात" असं लिहायचं असेल तर दोन्ही प्रथिनं वेगवेगळी शुद्ध करून ट्यूबमध्ये एकत्र आणावी लागतात. ईझेडएच२ एकटं शुद्ध करताना ते गुठळ्या करतं, म्हणून ते कीटकपेशींत सुझ१२ आणि ईईडीसोबत एकत्र बनवून घेतात, आणि मग तिघांपैकी कोण नव्या जोडीदाराला धरतं हे तुकडे बदलून पाहतात.

आकृतीखालच्या मजकुरात पेशीवंश आणि एसटीआरची तारीख, अँटिबॉडीचा कॅटलॉग आणि लॉट क्रमांक, इनपुट किती टक्के, बफरमधलं मीठ आणि बेंझोनेजची मात्रा द्या. ब्लॉटचा पूर्ण, न कापलेला फोटो मार्करसह जपा. लॉट बदलला की नव्या लॉटवर सुझ१२ची आयपी पहिल्यांदा करा, आणि जुन्या लॉटमधली थोडी अँटिबॉडी तुलनेसाठी राखून ठेवा.